सरकारचे आकडे, सरकारवरच

२६ मार्च १९०२. कलकत्त्यात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर चर्चा चालू होती. एकीकडे देशात दुष्काळ, दुसरीकडे खजिन्यात मात्र वर्षामागून वर्ष भरघोस शिल्लक. शिल्लक आहे म्हणजे देशाचं बरं चाललंय, असा सरकारचा सूर. गोपाळ कृष्ण गोखले बोलायला उठले आणि त्यांनी या शिल्लकीचाच हिशेब मांडला.

सरकारला दरवर्षी लंडनला पौंडांत पैसे धाडावे लागत. १८९४-९५ मध्ये रुपयाला सुमारे १३ पेन्स मिळत, पुढे १६ मिळू लागले. पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे ज्या पौंडाला आधी साडेअठरा रुपये मोजावे लागत, तो आता पंधरात येऊ लागला. रुपया घसरत होता तेव्हा तूट भरायला वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. मिठावर १८८८ पासून मणामागे अडीच रुपये कर होता. शिल्लक आली ती अशी. रयत सुखी झाली म्हणून नव्हे!

नवल म्हणजे यात गुप्त कागद एकही नव्हता. सगळे आकडे सरकारनेच छापलेले. ते खोटे म्हणायची सोयच सरकारला उरली नाही.

गोखल्यांना याच्या उलट अनुभव आधी येऊन गेला होता. १८९७ मध्ये ते विलायतेत होते. पुण्यात प्लेगच्या तपासणीत गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांची पत्रं त्यांना गेली. मजकूर गंभीर होता, लिहिणारे ओळखीचे होते. गोखल्यांनी तो ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जाहीर केला. पण पुरावा मागितला गेला तेव्हा तो उभा करता येईना. परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पत्रं खरी की खोटी, हा प्रश्नच मागे पडला.

आकड्यांची वाट त्यांना न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी दाखवली होती. जोशी पेशाने शिक्षक, पण सरकारी अहवाल कोळून प्यायलेले. गोखले अर्थसंकल्पाच्या भाषणांसाठी त्यांचा सल्ला घेत.

१९०३ मध्ये मिठावरचा कर अडीचाचा दोन रुपये झाला. त्याचं सगळं श्रेय एका भाषणाला देता येणार नाही. पण वक्तृत्व स्पर्धेची तयारी करणाऱ्याने एवढं जरूर करावं: आपल्या बाजूची पुस्तकं मागून वाचावीत, आधी समोरच्याचा अहवाल उघडावा.