जर्मन क्रॉस की ब्रिटिश तारा? जुन्या पदकांविषयीचे गैरसमज

उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची कल्याण छावणी. 1949मध्ये नाव बदललं, पण पत्ता विचारला की लोक आजही 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असंच सांगतात. पलीकडे अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि बदलापूरपर्यंत नोकरीसाठी सातारा-कोल्हापुराकडून आलेली कुटुंबं. अशा घरांतल्या जुन्या ट्रंकेतून पदक निघालं, त्यावर 1914 दिसलं, की 'हे कैसरच्या जर्मनीचं' असं ठरून जातं.

बहुतेकदा ते तसं नसतं. मुकुट, एकमेकांना छेद देणाऱ्या दोन तलवारी आणि मधल्या पट्टीवर 1914-15 असलेला ब्राँझचा तारा ब्रिटिश आहे. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. तिथल्या शिपायाच्या घरी हाच तारा सापडण्याची शक्यता जास्त. जर्मन 'आयर्न क्रॉस' अगदी वेगळा दिसतो. काळ्या लोखंडाला चांदीची चौकट, पुढे मुकुट, W आणि 1914, तर मागे ओकची पानं आणि 1813. त्या वर्षी प्रशियाच्या राजाने हे पदक सुरू केलं होतं.

'नाव कोरलेलं नाही, म्हणजे नकली' हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण इथे देश बदलला की कसोटी उलटते. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण सरकारच ठोकून द्यायचं. ताऱ्यावर ते पाठीमागे असतं, गोल पदकांवर कडेला. ती जागा कोरी किंवा घासलेली दिसली, तर शंका घ्यायलाच हवी. आयर्न क्रॉस मात्र नावाशिवायच मिळत असे. त्यावर नाव दिसलं, तर ते कुणीतरी खासगीत कोरून घेतलेलं असतं, कदाचित विकण्यासाठी कालपरवासुद्धा. हा क्रॉस कुणाला मिळाला याचा खरा पुरावा म्हणजे त्यासोबत दिलेलं प्रमाणपत्र.

चुंबक चिकटला की क्रॉस अस्सल, हेही अर्धंच खरं. अस्सल क्रॉसचा गाभा सहसा लोखंडी असतो, पण नकला करणारेही लोखंड वापरतात. भिंगातून कड पाहणं जास्त उपयोगी. चौकटीचे दोन भाग गाभ्यावर बसवून जोडलेले असतात, म्हणून कडेला सांधा दिसतो आणि काळा गाभा वेगळा ओळखू येतो. सगळंच एका साच्यात ओतलेलं असेल, तर ती नक्कल समजावी. कडीवर कारखान्याची खूण नसली तरी बिघडत नाही, अनेक अस्सल क्रॉसवर ती नसते.

1914-1918 अशी दोन्ही सालं असलेला जर्मन क्रॉस हमखास फसवतो. कैसरने 1918मध्येच गादी सोडली होती. जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांच्या नावाचा हा सन्मान-क्रॉस सुरू झाला 1934मध्ये. तो साम्राज्याचा नव्हेच.

आयर्न क्रॉस दुर्मिळ असतो, हेही खरं नाही. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या श्रेणीचे 50 लाखांहून जास्त क्रॉस वाटले गेले.

पदक घासून लखलखीत केलं की किंमत वाढते, असं म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. शंभर वर्षांत धातूवर चढलेली काळपट छटा हाच अस्सलपणाचा एक पुरावा असतो. चिंचेने किंवा पावडरीने तो पुसला जातो आणि कोरलेली अक्षरंही झिजतात. वजनावर विकणं त्याहून वाईट. ब्रिटिश वॉर मेडल सहसा चांदीचं असतं. 1980च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा अशी कितीतरी पदकं वितळवली गेली आणि त्यांच्या कडेवरची नावंही गेली.

शेवटचा गैरसमज कायद्याचा. आपली वस्तू म्हणून परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवता येईल, असं अनेकांना वाटतं. 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, आणि ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. पहिल्या महायुद्धातली पदकं आता त्या वयाची झाली आहेत.

घरात असं पदक असेल, तर पुढून, मागून आणि कडेने त्याचे फोटो काढा, त्यावरची अक्षरं जशीच्या तशी वहीत उतरवा, आणि फीत कितीही विरलेली असली तरी बदलू नका.