शोधजाहिरातीचा हिशेब – लेखांक ६ : नवं खातं, जुनेच शब्द

गूगलवर दोन महिने जाहिरात केली, पैसे गेले, फोन काही आले नाहीत. आता हे खातं बंद करून नवं उघडू, पाटी कोरी करू, या विचारापाशी बहुतेक छोटे जाहिरातदार कधी ना कधी येऊन ठेपतात. मागच्या लेखांकात आपण लिलाव पाहिला : बोली मोठी असून भागत नाही, जाहिरात शोधाशी किती जुळते यावरही जागा ठरते. तोच धागा धरून या वेळी नव्या खात्याचा मोह तपासू. उदाहरणाला छत्तीसगडमधल्या भिलाईचं वैशाली नगर घेतलं आहे. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरच्या या पोलादनगरीत विदर्भातून येऊन स्थिरावलेली मराठी घरं पुष्कळ आहेत, हे एक कारण. दुसरं म्हणजे शोधजाहिरातीत जे जे चुकू शकतं, त्यातलं बरंचसं या एका पत्त्यातच सापडतं.

समजा, वैशाली नगरात अकरावी-बारावीच्या मुलांना जेईईची तयारी करून घेणारा एक क्लास आहे. भिलाईत या धंद्याला जमीन तयारच आहे. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशभरातले इंजिनियर, फोरमन, कारकून इथे आले. अशा गावात मुलाला आयआयटीत घालायचं हे घराघरातलं स्वप्न असणारच. आपल्या क्लासचालकानं कीवर्ड काय लावला असेल? ‘आयआयटी भिलाई’. त्याच्या मते यात वावगं काही नाही : आयआयटीची तयारी, भिलाई गाव.

पण २०१६ पासून आयआयटी भिलाई ही एक संस्थाच आहे. सुरुवातीला ती रायपुरात भरायची, आता दुर्ग जिल्ह्यातल्या कुटेलाभाट्याला तिचा स्वतःचा परिसर आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याचं उद्घाटन झालं. त्यामुळे हे दोन शब्द टाइप करणारा माणूस क्लास शोधत असण्याची शक्यता कमीच. तो कटऑफ बघत असतो, फी बघत असतो, प्लेसमेंट, हॉस्टेल, प्राध्यापकांच्या जागा बघत असतो. त्यातले काही जाहिरातीवर बोट ठेवतात, चुकीच्या जागी आलो हे कळताच परत फिरतात, आणि त्या बोटाचे पैसे क्लासच्या खात्यातून जातात.

नवं खातं उघडून हाच कीवर्ड पुन्हा लावला तर काय बदलेल? काही नाही. लोक तेच, त्यांचे शोध तेच. खराब झालेलं खातं आपल्याला मागे खेचतं आहे, अशी एक समजूत जाहिरातदारांमध्ये पक्की बसली आहे. पण गूगल १ ते १० असे जे गुण दाखवतं ते कीवर्डला असतात, खात्याला नव्हे. ते तीन गोष्टींवरून ठरतात : क्लिक होण्याची अपेक्षा किती, जाहिरात शोधाशी किती जुळते, आणि क्लिकनंतर उघडणारं पान कसं आहे. शिवाय हे गुण म्हणजे निदान आहे. लिलावात ते जसेच्या तसे उतरत नाहीत. नव्या खात्यात पुरेसे शोध होईपर्यंत त्या रकान्यात नुसती रेघ दिसते. माणसाला वाटतं, रेघ म्हणजे सुटका. माझ्या मते जुन्या खात्यातला ३ हा आकडा त्या रेघेपेक्षा मोलाचा, कारण कुठे दुखतंय ते तो सांगतो.

जुन्या खात्यात त्याहून मोलाचा ऐवज म्हणजे शोधशब्दांचा अहवाल. लोकांनी काय टाइप केल्यावर आपली जाहिरात दिसली, कशावर क्लिक झालं, ते त्यात असतं. फार थोड्या लोकांनी केलेले शोध त्यात गाळलेले असतात, पण उरलेलं वाचायलाच हवं. अनेकांनी तो एकदाही उघडलेला नसतो आणि खातं बंद करायला निघतात! कटऑफ, प्लेसमेंट, भरती असे शब्द त्यातूनच हाती लागतात. हे शब्द असतील तर जाहिरात दाखवू नका असं सांगता येतं. त्यांना निगेटिव्ह कीवर्ड म्हणतात. आपल्या क्लासचा खरा कीवर्ड मग ‘जेईई कोचिंग भिलाई’, किंवा शेजारच्या सुपेलावरून ‘सुपेला के पास कोचिंग’ असा होईल, आणि तोही देवनागरीपेक्षा रोमन लिपीत जास्त येईल, कारण इथली मुलं हिंदी रोमनमध्ये टाइप करतात. घरात मराठी असली तरी शोध मराठीत होत नाही, हे कडू वाटलं तरी जाहिरात लिहिताना मान्य करावं लागतं.

आता पत्त्याकडे वळू. वैशाली नगर जयपूरला आहे आणि ते चांगलं मोठं आहे. अजमेरला आहे. नागपूरलाही आहे. स्थान म्हणून अख्खा भारत ठेवला आणि ‘वैशाली नगर कोचिंग’ हा कीवर्ड लावला, तर क्लिक राजस्थानातून येतील आणि भिलाईचा फोन वाजेल तो फक्त ‘राँग नंबर’ म्हणण्यासाठी. भिलाईचं वैशाली नगर हा विधानसभा मतदारसंघही आहे. म्हणजे निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार आणि निकाल शोधणाऱ्यांची त्यात भर.

क्लासभोवती काही किलोमीटरांचं वर्तुळ आखणं हा सरळ उपाय. पण वर्तुळाला रेल्वेचे रूळ दिसत नाहीत. वैशाली नगर, सुपेला रुळांच्या एका अंगाला, आणि कारखान्याचे सेक्टर दुसऱ्या. नकाशावर जवळ दिसणारं घर फाटक-अंडरब्रिजच्या वाटेनं तितकं जवळ राहत नाही. संध्याकाळी सातच्या बॅचला मुलगी पाठवणारी आई किलोमीटर मोजत नाही, वाट बघते.

स्थानाच्या सेटिंगमध्ये आणखी एक खुंटी आहे. गूगल मुळात त्या भागात असलेल्यांना आणि त्या भागात रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दाखवतं. बहुतेक सल्लागार डोळे झाकून ‘फक्त असलेले’ निवडायला सांगतात. दात काढणाऱ्या डॉक्टरला ते ठीक आहे. पण गोंदियाचा किंवा राजनांदगावचा पालक मुलाला भिलाईत ठेवायचं म्हणून क्लास शोधत असेल, तर तो आपल्या क्लासचा हक्काचा ग्राहक आहे. त्याला कशाला हाकलायचं? अशा वेळी दोन वेगळी कॅम्पेन करावीत, एक गावातल्यांसाठी, एक बाहेरच्यांसाठी, आणि दोन्हींचा खर्च वेगळा ठेवावा.

मग नवं खातं कधीच उघडू नये का? उघडावं, पण कारण खातं असावं, निकाल नव्हे. खात्याचं चलन आणि बिलाचा देश एकदा ठरला की बदलत नाही. तिथे चूक झाली असेल तर इलाज नाही. दुसरं कारण जास्त आढळतं : खातं एजन्सीनं स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं असतं. पैसे क्लासचे, पण अ‍ॅडमिन म्हणून नाव एजन्सीचं. संबंध तुटले की खातं तिच्याकडेच राहतं, आणि वर म्हटलेला अहवालही. खरं तर खातं मालकानं स्वतःच्या ईमेलवर उघडून एजन्सीला तिच्या मॅनेजर खात्यातून जोडून घ्यायचं असतं; काम संपलं की जोड काढता येते, खातं जागेवर राहतं. भांडण होण्याआधी दहा आकडी ग्राहक क्रमांक आणि अ‍ॅडमिनचा अधिकार मागून घ्यावा. जुन्या खात्यात प्रवेश असेल तर गूगल अ‍ॅड्स एडिटर या फुकटच्या प्रोग्रॅममधून कॅम्पेन उचलून नव्या खात्यात आणता येतात. क्लिकचा आणि चौकशांचा इतिहास मात्र येत नाही.

नियम मोडल्याबद्दल गूगलनंच खातं निलंबित केलं असेल, तर नवं उघडणं हा सर्वांत वाईट मार्ग. गूगलच्या लेखी ती यंत्रणेला चकवण्याची धडपड ठरते, आणि नवं खातंही बंद होऊ शकतं. तिथे अपील करायचं, कागद द्यायचे, थांबायचं.

उघडायचंच ठरलं तर पहिल्या दिवशी घाई करू नये. नव्या माणसाला गूगल सोप्या, आपोआप चालणाऱ्या कॅम्पेनकडे ढकलतं. नवे आलात तर क्रेडिट देऊ, ही ऑफरही समोर येते. पण आधी स्वतः ठरावीक खर्च केल्याशिवाय ते क्रेडिट मिळत नाही, आणि निव्वळ त्यासाठी खातं बदलणं हा तोट्याचा सौदा. शोधाचं कॅम्पेन निवडलं तरी इतर वेबसाइटांवर जाहिरात दाखवणाऱ्या डिस्प्ले नेटवर्कची खूण आधीच केलेली असू शकते, ती काढावी. खर्चाचं गणित कागदावर मांडावं. रोजचे ५०० रुपये लिहिले तर एखाद्या दिवशी १,००० पर्यंत जाऊ शकतात, पण महिन्याची मर्यादा ३०.४ पट, म्हणजे १५,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १७,९३६. क्लासची जीएसटी नोंदणी असेल तर छत्तीसगडचा २२ नं सुरू होणारा क्रमांक बिलाच्या माहितीत घालावा.

बोली लावण्याचं काम यंत्रावर सोपवायचं असेल तर त्याला आधी यश म्हणजे काय ते सांगावं लागतं : फोन आला, फॉर्म भरला, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. ही मोजणी न बसवता ‘जास्तीत जास्त क्लिक’ मागितले, तर यंत्र तेवढेच आणून देईल, आयआयटीचा कटऑफ बघणाऱ्यांचेही. ही मोजणी पानावर कशी बसवायची ते पुढच्या आठवड्यात पाहू. तोवर जुनं खातं असेल तर ते बंद न करता फक्त कॅम्पेन थांबवा, शोधशब्दांचा अहवाल उतरवून घ्या आणि पैसे खाल्लेले पहिले पन्नास शोध क्लासमध्ये चौकशीला बसणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. त्यातला कोणता पालक खरा आणि कोणता वाट चुकलेला, हे त्याला लगेच कळेल.