सपाट राहू न शकणारी आग

रुंद नळीत मिथेन आणि हवा आधीच नीट मिसळून भरली आणि एका टोकाला ठिणगी दिली, तर सगळा वायू एकदम पेटत नाही. मिलिमीटरहूनही पातळ अशी एक जळती कड न जळलेल्या वायूत शिरत जाते. मिश्रणाचं प्रमाण जुळलेलं असेल, तर तिची स्वतःची चाल सेकंदाला सुमारे ४० सेंटीमीटर. वायू सगळीकडे सारखा, शांत. कड वाकावी असं काहीच घडलेलं नाही. तरी ती वाकते.

फ्रान्समध्ये जॉर्ज दारियस (उभ्या आसाच्या पवनचक्कीला ज्यांचं नाव आहे तेच) यांनी १९३८ मध्ये आणि सोव्हिएत संघात लेव्ह लांदाऊ यांनी १९४४ मध्ये, स्वतंत्रपणे, याचं कारण शोधलं: प्रसरण. जळलेला वायू तापून पाच ते आठ पट फुगतो. समजा, कडेवर न जळलेल्या वायूच्या बाजूला किंचित फुगवटा आला. कडेबरोबर चालत पाहिलं, तर समोरचा वायू अंगावर येताना दिसेल. फुगवट्यासमोर त्याचे प्रवाह फाकतात आणि मंदावतात. ज्योतीची चाल तीच असल्याने फुगवटा आणखी पुढे घुसतो. शेजारच्या खळग्यासमोर प्रवाह एकवटतात, वेग घेतात आणि खळग्याला आणखी मागे रेटतात. आग स्वतःच उठवलेल्या वाऱ्याने चुरगळत जाते! आणि या गणिताला इंधन कोणतं हे विचारावंही लागत नाही. घनतेतला फरक आणि ज्योतीची चाल एवढ्यावर ते चालतं.

पण त्यात एक अडचण होती. सुरकुती जितकी बारीक तितकी ती वेगाने वाढते, असं उत्तर येत होतं, आणि या वेगाला मर्यादाच नव्हती. प्रयोगशाळेतल्या बर्नरची ज्योत तर गुळगुळीत दिसते. १९५१ मध्ये जॉर्ज मार्कस्टाइन यांनी वाट दाखवली: कडेला जाडी असते, आणि ती वाकली की तिची चाल बदलते. त्यामुळे बारीक सुरकुत्या विरतात, रुंद तेवढ्या वाढतात. छोट्या ज्योतीत त्यांना जागाच मिळत नाही.

सुरकुत्या वाढल्यावर पुढे काय? ग्रेगरी शिवाशिन्स्की यांनी १९७७ मध्ये यासाठी एकाच ओळीचं समीकरण मांडलं. त्यातलं एक पद मला विलक्षण वाटतं. त्याच्यामुळे कडेवरचा प्रत्येक बिंदू बाकीच्या सगळ्या बिंदूंशी जोडलेला राहतो, कारण एका जागी फुगलेला वायू दाबाच्या वाटेने दूरच्या प्रवाहालाही वळवतो. समीकरण सोडवलं की गोल फुगवटे आणि त्यांच्यामध्ये जळलेल्या वायूकडे रोखलेली तीक्ष्ण टोकं उमटतात, खऱ्या ज्योतीत दिसतात तशीच.

१९८५ मध्ये थुआल, फ्रिश आणि एनों यांनी या टोकांचा माग थेट संमिश्र संख्यांच्या प्रतलात काढला. तिथे काही बिंदू असे असतात, जिथे उत्तराची किंमत अनंत होते. हे बिंदू वास्तव अक्षाच्या दिशेने एकमेकांना ओढतात, काल्पनिक अक्षाच्या दिशेने दूर लोटतात आणि अखेर एकावर एक रांगेत उभे राहतात. त्यांची रांग लागते, तेव्हा इकडे ज्योतीवर दोन टोकं मिळून एक झालेलं असतं. धगधगणाऱ्या आगीचा आकार संमिश्र प्रतलातल्या मोजक्या बिंदूंनी ठरावा!

पांढऱ्या बटू ताऱ्यात कार्बन पेटतो, तिथेही हेच गणित लागू पडतं. ती आग अणुकेंद्रांच्या संमीलनाची. तिथे प्रसरण बरंच कमी असल्याने ही अस्थिरता सौम्य राहते आणि कड चुरगाळण्याचं मोठं काम ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण करतं.