गळतं सिंक आणि वायसरचं विज्ञान

सिंकखाली पाण्याचं थारोळं दिसलं की हात आपोआप प्लंबरच्या नंबरकडे जातो. नळ गळत असेल तर ते योग्यच. सांडपाण्याच्या बाजूची गळती मात्र निराळी असते, आणि तिचं निराळेपण दाबात आहे. गच्चीवरची टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल, तर नळामागे साधारण एका वातावरणाइतका जादा दाब असतो. सिंक काठोकाठ भरलं, तरी खालच्या जोडापर्यंत पाण्याची उंची जेमतेम अर्धा मीटर भरते. म्हणजे दाब विसाव्या हिश्श्याचा, आणि तोही पाणी वाहून जाईपर्यंतच. एवढं पाणी अडवायला ताकद लागत नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांना सलग टेकलेले असले की पुरतं. त्यामुळे घरात कधी पाना न धरलेल्या माणसानेही हे काम बिनधास्त हाती घ्यावं.

अवघड आहे ते गळतीची जागा शोधणं. थेंब जिथे पडतो तिथेच गळती असेल, असं नाही. पाणी स्टीलला आणि प्लास्टिकला चिकटून उतरतं. किटलीतून चहा हळू ओतला की तो तोटीच्या खालून ओघळतो, तसंच. जाळीपाशी सुटलेला ओघळ पाइपच्या तळाशी येऊन टपकतो आणि लोक चांगला पाइप बदलून टाकतात. म्हणून आधी खालचे सगळे भाग फडक्याने कोरडे करावेत आणि प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळावा. मग भोकाला बूच लावून सिंक भरावं आणि थोडा वेळ थांबावं. वरचा कागद ओला झाला, तर दोष वेस्ट कपलिंग (भोकात बसवलेला जाळीचा भाग) आणि सिंक यांच्या मधल्या बैठकीत आहे. तो कोरडा राहिला आणि बूच काढल्यावर खालचा कागद भिजला, तर दोष खालच्या जोडात किंवा वेस्ट पाइपात.

खालच्या जोडात नटाचे आटे पाणी अडवत नाहीत. नट फक्त दाबतो. पाणी अडवतं ते रबरी वायसर. दाबलेलं रबर समोरच्या पृष्ठभागावरच्या बारीकसारीक खाचांत शिरतं आणि वाट बंद करतं. त्यामुळे इथे टेफ्लॉन टेपचे कितीही वेढे दिले तरी उपयोग नाही. रॉय प्लंकेट यांना 1938 मध्ये, फ्रिजसाठीच्या वायूंवर काम करताना, अनपेक्षितपणे सापडलेला हा पदार्थ नळाच्या निमुळत्या आट्यांत फार कामाचा आहे, कारण तिथे आट्यांमधल्या फटीच बुजवायच्या असतात.

वर्षानुवर्षं दाबलेलं रबर हळूहळू आपली उसळी गमावतं. त्यात आपल्या स्वयंपाकघरातलं तेल आणि उकळती पेज. पाइपचं पीव्हीसी साधारण 80 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं, आणि तापल्यावर ते स्टीलच्या तिपटी-चौपटीने प्रसरण पावतं. प्रत्येक गरम पातेल्यासरशी जोड थोडा हलतो. पेज निववून ओतावी, किंवा ओतताना गार पाण्याचा नळ सोडावा.

दुरुस्ती तशी थोडकी आहे. खाली बादली ठेवून नट सोडवावा, जुनं वायसर नमुन्याला घेऊन दुकानातून त्याच मापाचं आणावं, दोन्ही पृष्ठभागांवरचा चिकट थर साबणाने घासून काढावा आणि ते कोरडे करावेत. नट हाताने घट्ट बसवून वर फार तर पाव फेरा. याहून जास्त आवळलं की वायसर जागेवरून सरकतं किंवा प्लास्टिकचा नट तडकतो. कितीतरी गळत्या अशा जोर लावण्यातूनच सुरू होतात. कपलिंगची बैठक गळत असेल, तर ते काढून जुना थर खरवडावा आणि सिलिकॉन सीलंट लावून पुन्हा बसवावं. सीलंट हवेतल्या दमटपणाशी अभिक्रिया होऊन घट्ट होतं, म्हणून एक दिवस सिंक वापरू नये. तेलकट, ओल्या पाइपवर वरून एम-सील थापणं मला मुळीच पटत नाही. ते थराला चिकटतं, पाइपला नाही.

वाकडा ट्रॅप किंवा बॉटल ट्रॅप असेल, तर त्याच्या जागी सरळ पाइप मात्र कधीही घालू नये. लंडनमधले घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये शौचकूपासाठी इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाचं पेटंट घेतलं. वळणात साचून राहणारं पाणी गटारातल्या वायूंना घरात येऊ देत नाही. या चार बोटं पाण्याची किंमत 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत कळली. तिथे 300 हून अधिक रहिवाशांना सार्सची लागण झाली. अनेक न्हाणीघरांच्या जमिनीतले ट्रॅप कोरडे पडले होते. पंखा लावला की सांडपाण्याच्या पाइपातले विषाणूयुक्त तुषार त्यातून घरात ओढले जात असावेत, असं तपासात पुढे आलं.

आपल्याकडे बऱ्याच घरांत सिंकखाली ट्रॅप नसतो. वेस्ट पाइप थेट नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो आणि पाण्याचा अडसर तिथेच असतो. दुरुस्तीनंतर पाइप पुन्हा त्यातच नीट गेला आहे ना, ते पाहावं. महिनाभर गावाला जाताना त्यात तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडंतेल ओतून ठेवलं, तर तेलाच्या तवंगाने बाष्पीभवन मंदावतं आणि ट्रॅप लवकर सुकत नाही.