बाळाचा पहिला कागद

सन २०१० मधील जून महिना. सकाळची बाह्यरुग्ण तपासणी आटोपत आली असता एक दांपत्य आपल्या सात वर्षांच्या कन्येस घेऊन माझ्या खोलीत आले. तिघांपैकी आजारी कोणीच नव्हते. गृहस्थांनी हातातील पिशवीतून कागद काढून एकेक करून टेबलावर मांडले आणि म्हणाले, "साहेब, ही पोरगी तुमच्याच हातची. दोन हजार तीनची. आता तुम्हीच काहीतरी करा."

गृहस्थ मूळचे अमळनेर तालुक्यातील, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये फिटर. मस्कतमध्ये त्यांना नोकरी मिळाली होती आणि कुटुंबास सोबत नेण्याची परवानगीही. पती-पत्नींचे पासपोर्ट तयार होते. मुलीचा अर्ज मात्र परत आला होता. कारण एका ओळीचे होते. जन्मदाखल्यावर आईचे जे नाव होते, त्या नावाची स्त्री इतर कोणत्याही कागदावर नव्हती.

दाखल्यावर होते ते तिचे माहेरचे नाव. आपल्याकडे अनेक घरांत लग्नात वधूचे नाव बदलतात, तसे तिचेही बदलले होते. बाळंतपणासाठी तिची आई गावाहून आली होती. माहिती लिहून घेणाऱ्या आमच्या परिचारिकेने बाहेर बाकावर बसलेल्या आजीबाईंना मुलीचे नाव विचारले, आणि आजीबाईंनी जन्मापासून ज्या नावाने लेकीला हाक मारली तेच सांगितले. वडिलांचे नाव सुरतेच्या रिवाजाप्रमाणे 'भाई' लावून लिहिले गेले. परिचारिकेस मी दोष देत नाही. माहितीपत्राखाली सही माझी होती, आणि सही करण्यापूर्वी मी ते वाचले नव्हते.

जन्माची नोंद करणे हे पालकांचे काम, आपण फक्त कागद पुढे पाठवितो, असा समज आपल्या व्यवसायात बराच रूढ आहे. कायदा तसे म्हणत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या आठव्या कलमानुसार बाळ घरी जन्मले तर खबर देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची; परंतु ते रुग्णालयात वा प्रसूतिगृहात जन्मले तर ती तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याची, किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीची. मुदत एकवीस दिवसांची. मूळ कायद्यात या कामातील हयगयीस कमाल दंड पन्नास रुपये होता. (बहुधा म्हणूनच आपण ते काम पन्नास रुपयांच्याच मोलाचे धरीत आलो.) आपण भरतो त्या नमुना क्रमांक एकचे दोन भाग असतात. एक कायदेशीर, दुसरा सांख्यिकीय. सांख्यिकीय भाग पुढे आकडेवारीसाठी जातो; कायदेशीर भाग निबंधकाच्या नोंदवहीचे अंग बनतो, आणि पुढे निघणारा प्रत्येक दाखला त्याचीच नक्कल असतो. तेथे झालेली चूक बाळासोबत शाळेत जाते, आधार केंद्रात जाते आणि शेवटी पासपोर्टच्या खिडकीवर पकडली जाते.

सुरतेतील मराठी कुटुंबांच्या बाबतीत या चुकांना स्वतःचे असे एक वळण आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडील हजारो कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी वा गुजराती, कचेरीत गुजराती अशी त्यांची त्रिस्थळी यात्रा असते. गुजरातीत पुरुषाच्या नावापुढे 'भाई' आणि स्त्रीच्या नावापुढे 'बेन' लावणे हे सौजन्य आहे. बोलताना ते गोडच वाटते. परंतु लिहिताना हे सौजन्य नावाचाच भाग होऊन बसते. गावाकडच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडील 'सुरेश', आणि लेकराच्या जन्मदाखल्यावर 'सुरेशभाई'. आईच्या कागदांवर 'मंगला', बाळाच्या कागदावर 'मंगलाबेन'. संगणकाच्या लेखी या दोन भिन्न व्यक्ती होत. गुजराती कुटुंबात आईबापांच्या सर्वच कागदांवर भाई-बेन असल्याने तेथे प्रश्न उद्भवत नाही. आपल्या कुटुंबांत निम्मे कागद तापीच्या वरच्या अंगाचे आणि निम्मे खालच्या अंगाचे, त्यामुळे तो हमखास उद्भवतो.

नावांच्या क्रमाचेही तसेच. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. गुजरातेत अनेक ठिकाणी आडनाव प्रथम येते. पासपोर्टच्या अर्जात मात्र आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि कोणता शब्द कोठे घालावा याबद्दल पालकांचा गोंधळ होतो. अक्षरांची गंमत तर निराळीच. 'ज्ञ' हे अक्षर दोन्ही भाषांत आहे, पण उच्चार एक नाही. 'ज्ञानेश्वर' या नावाचे इंग्रजी स्पेलिंग मराठी माणूस 'डी'पासून सुरू करतो, तर गुजराती लेखनिक 'जी'पासून. दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. गुजराती दाखला आणि मराठी शाळेचा दाखला शेजारी ठेवले तर अक्षर न् अक्षर जुळते. इंग्रजीत आणले की बापलेकांची नावे एकमेकांना ओळखीत नाहीत. म्हणून माहितीपत्र भरताना इंग्रजी स्पेलिंग तोंडी विचारू नये, आईवडिलांच्या छापील कागदावरून उतरून घ्यावे, हे मी अनुभवाने शिकलो.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सुरतेत नांदणारी लेक सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते आणि बाळ नंदुरबारला, दोंडाईच्याला किंवा अमळनेरला जन्मते. नोंद बाळ जेथे जन्मले तेथेच होते, आईवडील कोठे राहतात याला महत्त्व नाही. बारसे उरकून, दोन-तीन महिन्यांनी बाळाला घेऊन कुटुंब ताप्ती लाईनच्या गाडीने सुरतेस परतते आणि दाखला गावीच राहून जातो. पुढे कधीतरी त्याची गरज लागते, तेव्हा कोणीतरी शहाणा सल्ला देतो की गावी कशाला जाता, इथेच शपथपत्र करून नोंद करून टाका. हा सल्ला घातक आहे. अशाने एकाच बाळाच्या दोन राज्यांत दोन नोंदी होतात, बहुधा दोन निराळ्या स्पेलिंगांसह, आणि एक दुरुस्त करावयास जावे तर दुसरी आडवी येते. गावच्या ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत खेप घालणे त्रासाचे खरे, पण तोच सरळ मार्ग. नोंद मुळात झालीच नसेल तर प्रकरण अवघड होते. एक वर्ष उलटल्यावर पूर्वी प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश लागत असे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला आहे. २०२५ च्या आरंभापासून महाराष्ट्रात अशा विलंबित नोंदींची छाननी बरीच कडक झाली आहे, हेही माहेरवाशिणींच्या घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

जन्मतारखेचे घोळ आता पूर्वीइतके राहिलेले नाहीत. आमच्या पिढीतील कितीतरी खानदेशी मंडळींचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण ती तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली. आज रुग्णालयात जन्मलेल्या बाळाची तारीख चुकते ती प्रायः मध्यरात्रीच्या प्रसूतीत, आणि तीही आपल्याच कक्षातील घड्याळ व नोंदवही यांच्या वेळांत मेळ नसल्यामुळे.

त्याहून नित्याची अडचण म्हणजे बाळाच्या नावाचा कोरा रकाना. आपले बारसे बाराव्या दिवशी, गुजराती घरात छठ्ठीला फोई नाव ठेवते; आणि बाळंतीण तर तिसऱ्या दिवशी घरी जाते. साहजिकच माहितीपत्र नावाविना रवाना होते. कायद्याने यात काही गैर नाही. चौदाव्या कलमात नाव नंतर घालण्याची सोय आहे. नियमांप्रमाणे पहिल्या वर्षभरात विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्कासह. परंतु पालकांना हे कोणी सांगितलेले नसते. दाखला हाती आला की ते तो कपाटात ठेवून देतात आणि नावाची जागा रिकामी आहे हे पासपोर्टच्या वेळीच ध्यानात येते. वास्तविक बाराव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत नऊ दिवस हाती असतात. तेवढे आपल्याला पुरावयास हरकत नाही.

चूक झालीच तर ती दुरुस्त होते. पंधरावे कलम निबंधकास तसा अधिकार देते. मूळ नोंद खोडावयाची नसते; समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही व तारीख घालतो. लेखनदोष असेल तर तो स्वतः सुधारू शकतो. आशयाची चूक असेल तर वस्तुस्थिती ठाऊक असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन लागते. निबंधक हा अधिकार वापरू शकतो हे गुजरात उच्च न्यायालयाने अनेक निकालांत स्पष्ट केले आहे. तथापि, नकारघंटा ऐकून न्यायालयात जाण्याइतकी फुरसत व पैसा मिल कामगाराजवळ कोठून असणार?

पासपोर्टच्या नियमांचा प्रवासही सांगण्याजोगा आहे. २६ जानेवारी १९८९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्वी जन्मदाखलाच द्यावा लागे. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने ही अट शिथिल केली. शाळेचा दाखला, पॅन कार्ड, आधार असे पर्याय आले, तसेच आईवडिलांपैकी एकाचेच नाव देण्याची मुभाही मिळाली. एकट्या मातांना त्याचा मोठा आधार झाला. त्याआधी जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मातेच्या शपथपत्रावर तिच्या अपत्याचा जन्मदाखला द्यावा, असा निर्णय दिला होता. पुढे चक्र पुन्हा फिरले. नोंदणी कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पासपोर्टचे नियम तिला अनुसरून बदलले. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बाळास जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता जन्मदाखलाच चालतो, दुसरे काही नाही. शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना यांसाठीही याच दाखल्यावर भिस्त आहे. आपण आज घाईत सही करून पाठविलेल्या कागदास पर्याय उरलेला नाही.

आता त्या सात वर्षांच्या मुलीकडे वळतो. निबंधक कार्यालयाने प्रसूतिगृहाचा मूळ पुरावा मागितला. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या तळमजल्यावरील केस पेपर व नोंदवह्या त्यात बुडाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर चिखलाचे लगदे तेवढे बाहेर काढले. माझ्याजवळ दाखविण्यासारखे काहीच नव्हते. अखेर कार्यालयाच्या दप्तरातून २००३ चे माहितीपत्रच काढण्यात आले. आमच्या परिचारिकेचे सुबक गुजराती अक्षर आणि खाली माझी सही, दोन्ही स्वच्छ. दोन निवेदनांपैकी एक मी केले, दुसरे त्याच आजीबाईंनी. अंगठा उठविताना त्या सारख्या म्हणत होत्या की नाव खोटे नव्हते, मी तिला तेच ठेवले होते. समासात दुरुस्ती होऊन नवा दाखला मिळण्यास पाच महिने लागले आणि पासपोर्ट येईपर्यंत आणखी तीन. तोवर वडील एकटेच मस्कतला गेले होते. मुलीचे शाळेचे एक वर्ष तेथे वाया गेले. जाण्यापूर्वी ती आईबरोबर पेढे घेऊन आली. मला पेढा घेताना संकोच वाटला.

तेव्हापासून आमच्याकडे एक साधी पद्धत पडली आहे. आईवडिलांच्या कागदांच्या प्रती दाखल होतानाच घेतो. माहितीपत्र भरून झाले की ते बाळंतिणीच्या हाती देतो. तिला वाचता येत नसेल तर परिचारिका तिच्या खाटेशी बसून ते मोठ्याने वाचते. 'भाई', 'बेन' आले असेल तर तेथेच थांबतो. बाळाचे नाव ठरेपर्यंत कागद पाठवीत नाही, पण अठराव्या दिवसापलीकडे ठेवतही नाही. पाठविलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत वरच्या मजल्यावर असते. तेराव्या दिवशी स्वागतकक्षातून घरी दूरध्वनी जातो. बारसे झाले का, आणि नाव काय ठेवले?

गेल्या महिन्यात लिंबायतमधील एका घरी असाच दूरध्वनी केला, त्या दिवशी योगायोगाने मीच बोलत होतो. पलीकडून आजीबाई म्हणाल्या, "नावं दोन शेतस, डॉक्टरसाहेब. कोनतं सांगू?"