पगारी फिरती

सरकारी नोकराच्या घरात वाढलेल्या कुणालाही ‘फिरती’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ‘साहेब फिरतीवर आहेत’ म्हणजे साहेब ऑफिसात नाहीत, पण कामावर आहेत. फिरतीचा कार्यक्रम असतो, फिरतीची दैनंदिनी असते आणि महिनाअखेरीला प्रवास भत्त्याचं बिल असतं. इंग्लंडात येऊन आठ वर्षं झाल्यावर हा शब्द मला पुन्हा भेटला, आणि तोही माझ्या स्वतःच्या नावावर.

शेफील्डमधल्या एका छोट्या डेंटल लॅबमध्ये मी आठवड्यातून तीन सकाळी काम करते. लेक शाळेत असते तेवढ्या वेळात बसणारं काम. फोन घ्यायचे, नोंदी ठेवायच्या, डब्यांवर पेशंटच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. शिवाय मंगळवारी आणि गुरुवारी तयार झालेल्या कवळ्या, कॅपा आणि ब्रिज डर्बीशरमधल्या खेड्यांतल्या दवाखान्यांत पोचवायचे आणि तिथून नवी मापं घेऊन यायची. लॅबची व्हॅन त्या वेळी रॉदरहॅमच्या बाजूला गेलेली असते. म्हणून हे काम मी माझ्या मोटरसायकलवर करते. त्या वेळेचा तासाचा पगार मिळतो, वर मैलामागे 24 पेन्स मिळतात, आणि मला त्यात मनापासून मजा येते. हा लेख त्या मजेविषयी आहे आणि त्या 24 पेन्सांविषयीही.

‘कवळ्या पोचवायला कसली घाई?’ असं मला आपल्या मंडळातल्या एका काकांनी विचारलं होतं. घाई जाताना फारशी नसते, येताना असते. दातांचं माप घेण्यासाठी अजूनही बऱ्याच दवाखान्यांत आल्जिनेट वापरतात. समुद्रातल्या शेवाळापासून बनणारी ही पूड पाण्यात कालवली की घट्ट होते आणि जबड्याचा ठसा उठतो. पण हा ठसा वाळला की आक्रसतो. केसभर जरी आक्रसला तरी त्यावर बेतलेली कवळी तोंडात हलते, हिरड्यांना बोचते. म्हणून ओलसर कागदात गुंडाळून तो लवकर लॅबमध्ये आणावा लागतो आणि त्यात प्लास्टर ओतावं लागतं. जाताना वेगळी काळजी. मेणात बसवलेले दात उन्हात ठेवून चालत नाहीत, पोर्सिलेनची कॅप आपटून चालत नाही. गाडीच्या मागच्या पेटीत मी फोमचे कप्पे केले आहेत. अंड्यांचा ट्रे घेऊन निघाल्यासारखी मी निघते.

गाडी सेकंडहँड आहे, 125 सीसीची केटीएम ड्यूक. नाव ऑस्ट्रियन कंपनीचं, पण बांधणी पुण्याजवळच्या चाकणची. ही गोष्ट मी शेफील्डमधल्या दुकानदाराला सांगितली तेव्हा त्याला ती आधीच ठाऊक होती. माझा ऊर मात्र उगाचच भरून आला.

भारतातलं लायसन्स इथे बारा महिने चालतं, पुढे नाही, आणि ते बदलूनही मिळत नाही. त्यामुळे नव्याने शिकाऊ परवाना काढला आणि दिवसभराचं सक्तीचं प्रशिक्षण घेतलं. आधी मैदानात शंकूंमधून इंग्रजी आठचा आकडा, अचानक ब्रेक, मग किमान दोन तास प्रत्यक्ष रस्त्यावर. ते प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. गाडीवर लाल ‘एल’ लावायचा, मोटरवेवर जायचं नाही, मागे कुणाला बसवायचं नाही. प्रशिक्षकाने एक सवय घोटून घेतली. वळण्याआधी आरशात पाहायचंच, पण शेवटच्या क्षणी मान वळवून खांद्यावरूनही एकदा मागे पाहायचं. या नजरेला इथे ‘लाइफसेव्हर’ म्हणतात. कोल्हापुरात आम्ही हॉर्न वाजवून जे काम करायचो ते इथे मानेने करायचं.

आता रस्ता. हंटर्स बारच्या चौकातून एक्लसॉल रोड धरायचा. दुकानं, शाळा, दगडी घरं मागे पडत जातात आणि चढ सुरू होतो. फॉक्स हाउसच्या जुन्या दगडी पबपाशी शहर संपलेलं असतं. समोर नुसतं माळरान. ऑगस्टमध्ये ते हेदरच्या फुलांनी जांभळं होतं, नोव्हेंबरात तांबूस, आणि धुकं असलं की काहीच नाही, फक्त मधली पांढरी रेघ. हा पीक डिस्ट्रिक्ट, 1951 साली जाहीर झालेलं ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. माळावर ठिकठिकाणी घडवून तशीच टाकून दिलेली दगडी जाती पडलेली आहेत. उद्यानाचं बोधचिन्हही जातंच आहे.

पुढे एक वळण आहे, त्याचं नावच ‘सरप्राइज व्ह्यू’. कड्याला वळसा घातला की अख्खी होप व्हॅली एकदम समोर उघडते. खाली हॅथरसेजचं चर्च, कुंपणांनी आखलेली हिरवी शेतं, लांब सिमेंट कारखान्याची चिमणी. मोटारीतून हे दिसतं, पण काचेतून. मोटरसायकलवर ते अंगावर येतं. उतारावर हवा बदलते, गवताचा वास येतो, कुठे शेणाचा, कुठे लाकूड जळल्याचा. समोरून येणारा मोटरसायकलवाला मान किंचित लववतो, मीही लववते. तो माझा ‘एल’ बघत नाही, रंगही बघत नाही. हेल्मेटच्या आत कोण आहे हे त्याला ठाऊकच नसतं.

हॅथरसेज, होप आणि शेवटी कॅसलटन. शेफील्डात ज्या मला ‘लव’ म्हणतात, त्या बायकांची जागा इथे ‘डक’ म्हणणाऱ्या बायका घेतात. त्यावरून कळतं की यॉर्कशर संपलं, डर्बीशर आलं. कॅसलटनच्या पुढे मॅम टॉरचा डोंगर आहे. त्याच्या कुशीतला जुना हमरस्ता दरडी सरकून सरकून इतका फाटला की 1979 मध्ये तो कायमचा बंद केला. आमच्या आंबा घाटात पावसाळ्यात दरड कोसळली की चार दिवसांत जेसीबी येतो. इथे डोंगर जिंकला आणि लोकांनी ते मान्य केलं.

मजा आहे म्हणून धोका नाही असं नाही. ब्रिटनच्या एकूण वाहतुकीत मोटरसायकलींचा वाटा जेमतेम एक टक्का, पण रस्त्यांवरच्या मृत्यूंमध्ये मोटरसायकलवाले सुमारे पाचवा हिस्सा. हा आकडा माझ्या नवऱ्याने मला दाखवला, आणि तो खोटा नाही. सात वर्षांच्या मुलीच्या आईने तो बाजूला सारावा असंही नाही. बसून बोललो आणि काही गोष्टी ठरल्या. दंव पडलेलं असेल त्या दिवशी जायचं नाही, अंधारात जायचं नाही, ओल्या पानांचा थर, डिझेलचा ओघळ आणि मेंढ्यांसाठी रस्त्यात बसवलेली लोखंडी जाळी यांवर ब्रेक लावायचा नाही. जाकीट आणि हातमोजे स्वस्तातले घ्यायचे नाहीत. नको त्या दिवशी व्हॅन जाते आणि दवाखाने दुपारपर्यंत थांबतात. लॅबच्या मालकांनी हे लगेच मान्य केलं.

सासूबाईंचा आक्षेप निराळा होता. व्हिडिओ कॉलवर त्या म्हणाल्या, “अगं, एम.ए. झालीस, ज्युनियर कॉलेजात पाच वर्षं मराठी शिकवलंस, आणि आता लोकांच्या कवळ्या पोचवतेस?” त्यात तिरस्कार नव्हता, काळजीच होती. मी म्हटलं, “आई, तुमची कवळी वेळेवर आली नव्हती तेव्हा दिवाळीत चकली खाता आली नव्हती तुम्हाला.” त्या हसल्या. नंतर त्यांनी विचारलं, “पैसे किती देतात?” या प्रश्नाने मला बरं वाटलं. आठ वर्षांत माझ्या दिवसभराच्या कामाविषयी हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

तर पैशांविषयी. नोकरीच्या कामासाठी स्वतःचं वाहन वापरलं तर मालक करमुक्त भत्ता देऊ शकतो. मोटारीला पहिल्या 10,000 मैलांपर्यंत मैलामागे 45 पेन्स, मोटरसायकलला 24, सायकललासुद्धा 20. मोटरसायकलचा दर 2002 सालापासून तोच आहे. घर ते लॅब हे अंतर यात धरत नाहीत. लॅबहून कॅसलटनला जाऊन परत यायला 32 मैल होतात, म्हणजे 7 पौंड 68 पेन्स. पेट्रोलला त्यातले दोनेक पौंड जातात. उरलेल्यात टायर, चेन, सर्व्हिस आणि विमा.

विमा काढताना एक गंमत कळली. इथे वाहनाच्या वापराचे वर्ग असतात. पहिला ‘सोशल, डोमेस्टिक अँड प्लेझर’, म्हणजे गाठीभेटी, घरकाम आणि मौज. त्यानंतर कामावर जाण्यायेण्याचा, आणि त्यापुढे प्रत्यक्ष नोकरीच्या कामाचा. मी तो शेवटचा घेतला, त्याचे जास्तीचे पैसे भरले. पण त्या पहिल्या वर्गाकडे मी बराच वेळ बघत राहिले. घरकाम आणि मौज एका खणात, धंदा दुसऱ्या खणात. विमा कंपनीला त्याचा हिशेब असेल. आपल्या घरांतही हेच खण आहेत. जे घरासाठी केलं ते काम नाही, आणि ज्यात मजा आली तेही काम नाही.

माझे वडील शाहूवाडी तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होते. गावोगाव सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. मलकापूरहून आंब्यापर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर ते राजदूतवरून फिरत. रविवारी कधी मला टाकीवर बसवून नेत. घाटात धुकं दाटलं की ते मोठ्याने गाणी म्हणत. दैनंदिनीत मात्र लिहीत, ‘मलकापूर ते आंबा, जनावरे तपासली.’ धुकं आणि गाणी कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. त्यांना फिरती आवडते म्हणून भत्ता कापावा असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि ते योग्यच होतं. गाय अडली होती, ती त्यांनी सोडवली होती.

आईची गोष्ट वेगळी. रात्री-अपरात्री शेतकरी दारात यायचे. कुठलं गाव, गाय की म्हैस, कळा कधी सुरू झाल्या, हे सगळं आई विचारून घ्यायची, कागदावर टिपायची, बाबा बाहेर असतील तर पुढच्या गावी निरोप धाडायची. ते काम कुठल्याही बिलात आलं नाही. आईलाही ते आवडायचं. पण तिच्या बाबतीत आवड हेच पुरेसं मानलं गेलं.

मोटरसायकलवर नोकरी करणाऱ्या बायका या देशाला नव्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या महिला दलातल्या मुली संदेश घेऊन ब्लॅकआउटच्या काळोखात मोटरसायकली हाकत होत्या. त्याही आधी थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकायरन या दोघी डिसेंबर 1934 मध्ये साइडकार लावलेली पँथर मोटरसायकल घेऊन लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून जुलै 1935 मध्ये केपटाउनला पोचल्या. पुढे युद्धात वॉलकनेही सैन्यासाठी मोटरसायकलवरून संदेश पोचवले. आपल्याकडे गोव्यात तर माणसंच पोचवणारे ‘पायलट’ पिवळ्या-काळ्या मोटरसायकली घेऊन नाक्यावर उभे असतात. दुसऱ्या टोकाला इथले ‘ब्लड बाइकर’ आहेत. रात्री आणि शनिवार-रविवारी ते इस्पितळांना रक्त, तपासणीचे नमुने, नवजात बाळांसाठी दूध पोचवतात आणि एक पैसाही घेत नाहीत. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. पण त्यांनी पैसे न घेणं स्वतः निवडलेलं असतं. ‘तुला आवडतंच की’ असं म्हणून कुणी ते त्यांच्या गळ्यात मारलेलं नसतं.

लॅबचे मालक एकदा गमतीने म्हणाले, “इतकी खूश होऊन परत येतेस, खरं तर तूच आम्हाला पैसे द्यायला हवेस.” मी म्हटलं, “मापं ओली आहेत का बघा.” ती ओली होती. एवढंच उत्तर पुरेसं होतं.

ही फिरती फार वर्षं चालेल असं वाटत नाही. दवाखान्यांत तोंडातल्या तोंडात फिरवायचे स्कॅनर येत आहेत. माप क्षणात संगणकावरून लॅबमध्ये पोचतं. एका दवाखान्याची मापं याच वर्षी बंद झाली. तयार कवळी मात्र अजून तारेतून जात नाही, तोवर मी आहे.

दरम्यान एक गोष्ट मंडळात केली. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवायला येणाऱ्या सगळ्याच जणी पदरचं पेट्रोल घालून येतात. स्वयंसेवकांनाही याच दराने प्रवासखर्च देता येतो आणि त्यावर कर लागत नाही, हे मी वार्षिक सभेत सांगितलं. “सेवेचे पैसे कसे घ्यायचे?” असं दोघांनी विचारलं. मी म्हटलं, सेवेचे नव्हेत, मैलांचे. बरीच चर्चा झाली आणि ठराव मंजूर झाला. चेस्टरफील्डहून येणाऱ्या आपल्या एका शिक्षिकेने पहिला फॉर्म भरला. जाऊन येऊन 24 मैल, 10 पौंड 80 पेन्स. पैसे हातात आल्यावर तिने ते शाळेच्या पुस्तकांसाठी परत दिले. ती तिची मर्जी. आकडा मात्र वहीत तिच्या नावावर लिहिलेला आहे.