कचऱ्याला गिऱ्हाईक हवे

सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भयाने सुरतेतील लाखो माणसे मिळेल त्या गाडीने आपापल्या मुलखाकडे पळत सुटली होती. त्याच सुरतेने २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला क्रमांक मिळविला. आयुक्त एस. आर. राव यांनी १९९५ पासून पालिकेला जी शिस्त लावली, तिचे हे फळ आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु कचरा दारातून उचलून गावाबाहेर नेला म्हणजे तो नाहीसा होत नाही. त्याचा केवळ पत्ता बदलतो. त्यातून पुन्हा उपयोगी वस्तू निर्माण होते की नाही, हीच खरी कसोटी आहे.

या कसोटीला सुरत एका बाबतीत निश्चित उतरली आहे. बमरोली येथील केंद्रात शहराचे सांडपाणी शुद्ध करून २०१४ पासून पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीस पुरविले जाऊ लागले. त्या केंद्राची क्षमता दररोज चार कोटी लिटरांची. ज्या पाण्याकडे पाहून नाक मुरडावे, त्यात आज कापड रंगते! हे यंत्रामुळे साधले तितकेच व्यवहारामुळेही साधले. पाणी कोणत्या प्रतीचे, कोणाला आणि कोणत्या दराने द्यावयाचे, हे आधी ठरले होते. गिऱ्हाईक नक्की होते, म्हणूनच केंद्र उभे राहिले.

कापडाच्या चिंध्यांना मात्र असे गिऱ्हाईक लाभलेले नाही. देशातील कृत्रिम धाग्याच्या कापडाचा मोठा वाटा सुरतेत तयार होतो आणि कातरणाचे ढीगही तेथेच साचतात. जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्याचा धंदा पानिपतने नावारूपाला आणला. सुरतेच्या कातरणात मिश्र धागे, टिकल्या आणि प्लास्टिकची जर यांची सरमिसळ असते. ती वेगळी करणे खर्चाचे पडते. पुनर्वापरातले म्हणून विकले जाणारे पॉलिएस्टर जगभर मुख्यतः बाटल्यांपासून बनते, जुन्या कापडापासून नव्हे. यावर उपाय कारखान्याच्या दाराशीच आहे. कातरण जेथे पडते तेथेच निवडले, तर जे काम स्वस्तात होते, ते ढिगात मिसळल्यावर जवळजवळ अशक्य होऊन बसते. जर खऱ्या चांदीची होती तेव्हा जुने शालू विकत घेणारे दारोदार फिरत असत, कारण जाळून चांदी परत मिळत असे. ज्याला मोल असते ते कोणी टाकत नाही.

प्लास्टिकला असे मोल कसे येते, ते पाहण्यास सुरतेहून तापीकाठानेच जळगावास यावे. तेथील चटई उद्योग भंगारातून केलेल्या दाण्यावर उभा आहे. आमच्या बोहारणींनी जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देऊन जो हिशेब शतकभर सांभाळला, त्याचेच हे कारखानदारी रूप म्हणावे. परंतु खनिज तेल उतरले की नवा दाणा स्वस्त होतो आणि भंगारातल्या दाण्याला कोणी विचारीत नाही. या मंदीचा पहिला घाव बसतो तो पहाटे पोते घेऊन निघणाऱ्या कचरावेचक बाईवर.

तेव्हा सरकारने केवळ उपदेश न करता स्वतः गिऱ्हाईक व्हावे. २०२२ च्या नियमदुरुस्तीने प्लास्टिकच्या वेष्टनात पुनर्वापरातील मालाचा किमान वाटा ठरवून दिला आहे. तो कागदावर राहू नये. हजिऱ्यास त्याच वर्षी पोलादाच्या मळीचा रस्ता झाला. असे प्रयोग कौतुकापुरते न राहता पालिकांच्या निविदांत नित्याचे झाले पाहिजेत. कचरावेचकांना ओळखपत्र, करार आणि रास्त दर मिळाला पाहिजे. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने ही वाट दाखविली आहे. त्याचबरोबर प्लास्टिक धुतलेले मळके पाणी नाल्यात सोडणाऱ्यांची गय होता कामा नये; एक घाण उपसून दुसरी करणे हा पुनर्वापर नव्हे.

सुरतेचा कचरा आणि जळगावचा कारखाना यांच्यामध्ये दोन राज्यांची सीमा आहे. मालाला ती ठाऊक नाही. ती ओलांडून दोन्ही सरकारांनी एकत्र बसून दर, प्रत आणि खरेदी ठरवावी, असे आम्हांस आग्रहाने सुचवावेसे वाटते. झाडू मारण्यात सुरतेने देशाला धडा दिला. टाकलेल्याचे मोल करण्याचा धडा अजून दोघांनाही गिरवावयाचा आहे.